बीटल्सचं गाणं पेटी-ढोलकीवर कसं बसवायचं

आमचे पेटीवाले मामा भजनी मंडळात चाळीसेक वर्षं वाजवतात. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा इंग्लंडच्या बीटल्सचं ‘एलेनॉर रिग्बी’ लावलं आणि हे काफी थाटाच्या सुरांत आहे म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून अर्धं गाणं ऐकलं, भाता ओढला, पांढरी तीनला (म्हणजे इंग्रजी ‘ई’ सुराला) षड्ज धरून चाल उचलायला लागले आणि मध्येच थांबले. “काफी हाय म्हणालास न्हवं? मग ह्यो कोमल धैवत कुठनं आला?”

त्या प्रश्नावर त्या दिवसाची तालीम संपली. मी घरी येऊन गाणं वीस वेळा ऐकलं. मामांचं बरोबर होतं.

ज्यांच्या घरात गिटार आहे, शेजारी पेटी आहे, गल्लीत ढोलकी किंवा हलगी वाजवणारं कुणीतरी आहे आणि एखाद्या रॉक बँडचं गाणं आपल्या वाद्यांवर करून बघायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणाला बीटल्स घेतलेत. त्यांच्या बहुतेक गाण्यांना गुणगुणता येईल अशी चाल असते, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांची गाणी इतरांनी इतक्या तऱ्हांनी गायली-वाजवलीत की शिकायला आयतं दप्तर मिळतं. एकट्या ‘येस्टरडे’ची १९६५ पासून १९८६ उजाडेपर्यंत सोळाशेच्या वर ध्वनिमुद्रणं झाली, अशी गिनीजच्या पुस्तकात नोंद आहे.

आधी दुसऱ्यांनी काय जपलं ते ऐका

पहिला आठवडा वाद्याला हात लावू नका. मूळ गाणं आणि त्याचं दुसऱ्यानं केलेलं रूप पाठोपाठ ऐका, आणि वहीत एवढंच लिहा: याने काय जपलं, काय सोडलं.

जो कॉकरपासून सुरुवात करा. ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ हे मूळ गाणं १९६७ चं, रिंगो स्टारच्या साध्यासुध्या आवाजातलं, रमतगमत चार ठोक्यांत चालणारं. कॉकरनं १९६८ मध्ये त्याची लय निम्म्यावर आणली, ठोके सहाच्या गटात टाकले, मागं ऑर्गन आणि बायकांचा कोरस उभा केला. आपल्या भाषेत सांगायचं तर कहरव्यातलं गाणं विलंबित दादऱ्यात नेलं. शब्द बहुतांश तेच, पण मूळात गप्पा मारल्यासारखं वाटणारं गाणं इथं गाऱ्हाणं होतं. पुढच्या वर्षी वुडस्टॉकला त्यानं तेच गायलं, त्याचं चित्रीकरणही बघायला मिळतं.

मग ॲरेथा फ्रँकलिनची ‘एलेनॉर रिग्बी’. मूळ गाण्यात ती बाई ‘ती’ आहे, लांबून पाहिलेली. ॲरेथा पहिल्याच ओळीत सांगते की मीच एलेनॉर रिग्बी. एका सर्वनामाचा बदल, आणि त्याखाली सोल संगीताचा दणदणीत ठेका. दुःखी गाण्यावर माणसं टाळ्या वाजवत नाचताहेत आणि तरी खटकत नाही. रे चार्ल्सनंही १९६८ मध्ये हेच गाणं केलंय, तेही ऐका आणि दोघांत फरक काय ते लिहून काढा.

सर्जिओ मेंडिसच्या ब्राझीलियन मंडळींनी ‘द फूल ऑन द हिल’ला बोसा नोव्हाची झुळूक दिली. अर्थ, विंड अँड फायरनं १९७८ मध्ये ‘गॉट टू गेट यू इन्टू माय लाइफ’ फंकमध्ये नेलं. आणि नट पीटर सेलर्सनं ‘अ हार्ड डेज नाइट’ न गाता शेक्सपिअरच्या नाटकातल्या राजासारखं नुसतं म्हणून दाखवलं. ते ऐकताना मला दर वेळी शाहीर दिसतो. कुणीतरी बीटल्सचं गाणं पोवाड्याच्या बोलीत, डफावर थाप मारून म्हणायला हवं. माझ्या आवाजात तो जोर नाही.

आपल्याकडचं उदाहरण जुनं आहे. १९६५ च्या ‘जानवर’मध्ये शंकर-जयकिशन यांनी ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ची चाल उचलून गाणं केलं आणि रफींनी ते गायलं. ऐकायला मजा येते, पण त्यात जपलंय जवळजवळ सगळंच, गिटारीसकट. नवं काय आणलं हे शोधायला लागतं. मी स्वतः कॉलेजच्या गॅदरिंगला हीच चूक केली होती. मूळ गाणं जसंच्या तसं वाजवलं आणि वर ढोलकी चढवली. समोरची पोरं हसली नाहीत की ओरडली नाहीत, सरळ मोबाइल बघायला लागली. ढोलकीवाला मित्र स्टेजवरून उतरताना म्हणाला, “मला पाव्हण्यागत बसवलंस रं.” तेव्हापासून नियम केला: मूळ गाण्यातली एकच गोष्ट जपायची आणि बाकीचं वाद्यांच्या हाती द्यायचं. ती एक गोष्ट कोणती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं.

गाणं निवडताना

सोपी परीक्षा आहे. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतून महाद्वार रोडपर्यंत गाडीवर जाताना हेल्मेटच्या आत ते गाणं गुणगुणा. वाद्यांचे आवाज तोंडानं काढावे लागले, तर ते गाणं वाद्याच्या तुकड्यावर उभं आहे. नुसत्या चालीवर मजा आली, तर पेटीवर बसेल. तुकड्यावर उभी असलेली गाणीही करता येतात, पण मग तो तुकडा घासून वाजवणारं वाद्य लागतं. फिनलंडच्या अपोकॅलिप्टिकानं १९९६ मध्ये मेटालिकाची गाणी चार चेलोंवर वाजवली. गायक नाही, गिटार नाही, ड्रम नाही. जपलं ते फक्त तुकड्यांचं वजन. पेटीला तसं वजन येत नाही, आधी कबूल केलेलं बरं.

बीटल्समधली आपल्याला जवळची गाणी कोणती?

‘नॉर्वेजियन वुड’ (१९६५) सगळ्यात सोपं. मूळातच सहाच्या झुल्यात आहे, म्हणजे दादरा आयता. चाल कोमल निषादाची, खमाज थाटाच्या सुरांतली, आणि मधल्या भागात गंधारही कोमल होतो, म्हणजे काफीत जातं. मूळ ध्वनिमुद्रणात जॉर्ज हॅरिसननं सतार वाजवलीय. तेवढ्यासाठी तुम्ही पुन्हा सतारच घेऊ नका; ते झालेलं आहे.

‘ऑल यू नीड इज लव्ह’ (१९६७) ढोलकीवाल्याला खिजवायला उत्तम. कडव्यात सात-सात मात्रा आहेत, म्हणून रूपक धरून निर्धास्त बसावं, तर तिसऱ्या आवर्तनाला आठवी मात्रा येते आणि चौथ्याला पुन्हा सात.

‘टुमॉरो नेव्हर नोज’ (१९६६) जवळजवळ एकाच सुरावर तरंगतं. तानपुरा असेल तर याच्यासारखं गाणं नाही. आणि आपण तानपुऱ्याच्या माहेराशेजारी राहतो. मिरज रेल्वेनं पन्नासेक किलोमीटर, आणि तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

आम्ही मात्र ‘एलेनॉर रिग्बी’च धरलं. १९६६ चं हे गाणं रॉक बँडचं म्हणून ओळखलं जातं, पण त्यात ना गिटार आहे ना ड्रम. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो आणि गळे, बस्स. बीटल्सपैकी कुणीही त्यात वाद्य वाजवलेलं नाही. ज्यांचं गाणं त्यांनीच गिटार बाजूला ठेवली, तर आपण कशाला धरून बसायचं?

गाणं सोलून काढा

एक कोरा कागद घ्या आणि गाण्याचे तीन थर वेगळे लिहा. वर चाल, आपल्या सरगममध्ये. मध्ये कॉर्ड, म्हणजे चालीखालचे आधारस्वर. खाली ठोके, मोजून. इंटरनेटवर कॉर्ड तयार मिळतात, पण चाल कानानंच काढा. सरगम लिहिताना जो स्वर सापडायला वेळ लागतो, तिथंच गाण्याची गंमत दडलेली असते.

‘एलेनॉर रिग्बी’त कॉर्ड मोजून दोन: ई मायनर आणि सी मेजर. चालीत गंधार-निषाद कोमल आणि धैवत शुद्ध, म्हणजे काफी थाट. इथवर मी मामांना सांगितलेलं खरं होतं. पण सी मेजर म्हणजे षड्ज पांढरी तीन धरला तर कोमल धैवत, षड्ज आणि कोमल गंधार. गाणं उघडतंच या कॉर्डवर. शिवाय कोरसमध्ये मधल्या वाद्यांतून एक ओळ अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली सरकते: कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. मामांच्या कानाला टोचला होता तो हाच तिसरा स्वर.

पुढच्या रविवारी त्यांना ही ओळ वाजवून दाखवली. डाव्या बोटानं षड्ज दाबून धरला आणि उजव्या हातानं नि-ध-ध-प. ते तीन-चार वेळा त्यावरून फिरले, मग हसले. “हे काफीत न्हाई बसायचं. पिलूत खपतंय.” पिलूत दोन्ही धैवत चालतात, बाकीही पुष्कळ काही चालतं. त्यांनी कोरसला पिलूचा रंग दिला आणि कडव्यात स्वच्छ काफी ठेवली. युरोपियन कानाला जी नुसती उतरती ओळ वाटते, ती इथं रागाची कूस बदलते. आम्ही वहीत लिहिलं: ‘जपायची गोष्ट – नि-ध-ध-प.’

तुम्हालाही असाच एखादा अडणारा स्वर सापडेल. तो काढून टाकून गाणं ‘शुद्ध’ करायचा मोह होतो. करू नका. त्यापेक्षा तुमच्या संगीतात त्याला जागा देणारा राग, किंवा भजनातली-लावणीतली एखादी लकब शोधा. आणि जाणत्या माणसाला विचारा. अल्लादिया खाँसाहेब ज्या दरबारात गायले आणि १८८३ पासून देवल क्लब ज्या गावात उभा आहे, तिथं सुरातलं सांगणारा माणूस चार गल्ल्यांत सापडतो. फक्त “फ्यूजन करतोय” असं म्हणून जाऊ नका. “या स्वराचं काय करू?” म्हणून जा.

पट्टी

गाण्याची पट्टी गायकाच्या गळ्याची, ध्वनिमुद्रणाची नव्हे. मी काळी एकला गातो, मावसबहीण काळी चारला. गिटारवाल्यांसाठी एक सोय सांगतो: कॅपो, म्हणजे गिटारीच्या मानेवर लावायचा चिमटा, चौथ्या फ्रेटवर लावा. ए मायनर आणि एफचे आकार धरले की काळी एकची पट्टी मिळते, आणि कॅपो न हलवता ई मायनर आणि सीचे आकार धरले की काळी चारची. दोघं आळीपाळीनं गाणार असाल तर हात बदलायचे, कॅपो नाही.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. गिटार पेटीला मिळवा, मोबाइलमधल्या ट्यूनरला नव्हे. जुन्या पेटीचे सूर बऱ्याचदा किंचित चढलेले किंवा उतरलेले असतात आणि पेटी जागेवर मिळवता येत नाही. ढोलकीची शाईही त्याच षड्जाला आणा. जुलैत आमच्याकडं पाऊस धरला की हवा अशी सर्द होते की अर्ध्या तासात ढोलकी उतरते. तालीम थांबवून पुन्हा चढवायची. कंटाळा केला की रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

ताल, म्हणजे खरं काम

माझं मत आहे की कव्हर जमतं की फसतं ते इथं ठरतं. चाल तीच राहिली तरी चालेल. तालानं बोली बदलली नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

आम्ही भजनी ठेका घ्यायचं ठरवलं. आठ मात्रा, मामांच्या हाडीमाशी भिनलेला. ढोलकीवाला भाचा बसला, मी गायला लागलो, पहिली ओळ संपली आणि तो थांबला. “दादा, सम कुठं हाय?” पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच गडबड. मग कागद काढून मोजलं.

या गाण्याच्या कडव्यातली ओळ पाच बारांची आहे. बहुतेक गाण्यांत चार असतात किंवा आठ. चार बारांत बोलणं उरकतं आणि पाचवा मागं रेंगाळतो. एका बारात चार ठोके, म्हणजे ओळीचे वीस. आठ मात्रांच्या ठेक्यात विसांचं होतं अडीच आवर्तन. पहिली ओळ समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, सुरू झाली की दुसरी पाचव्या मात्रेवर, बरोबर कालावर (जिथं टाळी देत नाहीत तिथं), सुरू होते. दोन ओळी मिळून चाळीस ठोके, म्हणजे पाच पूर्ण आवर्तनं, तेव्हा कोरस पुन्हा समेवर येतो. कोरसचे आठ बार चार आवर्तनांत नीट बसतात.

यावर दोन तोडगे आहेत. चार ठोक्यांचा आखूड कहरवा लावायचा, मग ओळीला पाच आवर्तनं होतात आणि कुठंच अडत नाही. किंवा ठेका तसाच चालू ठेवून दुसरी ओळ कालावर सुरू होऊ द्यायची. आम्ही पहिला तोडगा करून बघितला. सरळ झालं, आणि सपक झालं. भाचा म्हणाला, “ऱ्हाऊ दे की. बाई एकटी हाय, समेवर कशाला येईल?” मग दुसरा घेतला. कडव्यात ऐकणाऱ्याला पायाखालचं काहीतरी सरकल्यासारखं वाटतं आणि कोरसला सगळे एकदम समेवर येतात. इथं तो कोरसच्या आधी अर्ध्या आवर्तनाचा तुकडा घेतो, आणि तो तुकडा मूळ गाण्यात कुठंही नाही.

म्हणून तुमच्या गाण्याचे ठोके ओळीगणिक मोजा. बोटं मोडून, मोठ्यानं. ‘ऐकताना चार-चारच वाटतं’ यावर विश्वास ठेवू नका. ‘हिअर कम्स द सन’च्या मधल्या भागात ठोके तीन-तीनच्या तुकड्यांत तुटतात, ते पाश्चात्त्य पद्धतीनं लिहायला गेलात तर डोकं फिरतं, पण हलगीवाल्याला ऐकवा. तिहाईसारखं काहीतरी म्हणून तो दोन खेपेत उचलेल.

लयीबद्दल एवढंच: मूळ ‘एलेनॉर रिग्बी’ मिनिटाला साधारण १३८ ठोक्यांनी पळतं. आम्ही १०४ वर आणलं. भजनी ठेका त्याहून जोरात धावला की मिरवणूक होते.

कोणतं वाद्य कशासाठी

सगळ्यांना बोलावू नका. चार जण पुरेत. वाद्य घेताना ते मूळातल्या कुठल्या थराची जागा घेतंय ते ठरवा, नाहीतर नुसता गलका होतो.

पेटीकडं ती उतरती ओळ. गिटार फक्त कडव्यात, तीही कॉर्ड न झोडता एकेक तार. मूळातल्या चेलोंचे कचाकच तुटक ठोके कुणाला द्यायचे यावर बराच खल झाला, आणि शेवटी ते बेंजोला दिले. बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे; आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो, बटणांचा, तारांचा, विजेवर चालणारा. त्याला दोन सूर देऊन तेच ते कुरतडायला सांगितलं. वाजवणारा पोरगा पाच मिनिटांत वैतागला, कारण त्याला चाल वाजवायची सवय. त्याला एक कडवं पूर्ण सोलो दिलं तेव्हा तो मानला. मंडळी सांभाळणं हाही बसवण्याचाच भाग.

हलगी आम्ही फक्त शेवटच्या कोरसला ठेवली. कुस्तीच्या फडात हलगी-घुमकं-कैताळ घुमलं की अंगावर काटा येतो, पण तीच हलगी दहा बाय बाराच्या माडीत वाजली की बाकी काही ऐकू येत नाही. शिवाय पावसाळी हवेत ती सैल पडते. आमच्या हलगीवाल्यानं जिन्याखाली वर्तमानपत्राचे कागद पेटवून हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून कान दिला, पुन्हा शेकली. तिसऱ्यांदा टिचकीचा आवाज खणखणीत आला तेव्हा वर आला. घरमालकीणबाई धुराचा वास घेत जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना खांडोळी आणि चहा देऊन बसवून घेतलं, आणि त्या शेवटपर्यंत बसल्या.

मराठी शब्द घालायचे तर

भाषांतर करू नका, गावात आणा. गाण्यातली बाई चर्चमध्ये लग्न उरकल्यावर खाली पडलेले तांदूळ वेचते. हे वाचल्यावर मला वेगळं काही शोधावंच लागलं नाही. मंगल कार्यालयात पंगती उठल्यावर अक्षता झाडून गोळा करणारी बाई आपण सगळ्यांनी बघितलीय, आणि नाव कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्या कडव्यातला पाद्री, ज्याचं प्रवचन ऐकायला कुणी येत नाही, तो आमच्याकडं रिकाम्या देवळात पोथी वाचणारा म्हातारा झाला.

नाव जमवायला मात्र आठवडा गेला. ‘एलेनॉर रिग्बी’ गाताना पाच अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, पडतात आणि वजन पहिल्या-चौथ्यावर येतं. ‘रखमाबाई’ आखूड पडली. ‘शेवंताबाई’चं वजन भलतीकडं. शेवटी बहिणीनं भाजी निवडता निवडता म्हटलं, “पार्वती मावशी.” पार-व-ती माव-शी. पाच, आणि जोर नेमका हवा तिथं. शिवाय एकटीच राहणारी म्हातारी गल्लीत सगळ्यांची मावशीच असते.

शब्द बसवताना लांब सुरावर आ, ए, ओ असे मोकळे स्वर ठेवा. वरच्या सुरावर ‘ळ’ किंवा ‘ठ’ आला की गळा आवळतो. आणि मूळ गाण्यात दोन अवयवांत मावलेली गोष्ट मराठीत चार घेत असेल, तर गोष्ट बदला, सूर वाढवू नका.

रेकॉर्डिंग, मोबाइलवर

स्टुडिओची गरज नाही. दोन मोबाइल, एक इअरफोन आणि चार वाकळा पुरतात. वाकळा गायकाच्या मागच्या भिंतीवर आणि खिडकीवर टांगा. गोधडीसारखं आवाज गिळणारं स्वस्त काही नाही. पंखा बंद. पत्र्याचं छत असेल तर पावसात नाद सोडा, सकाळी उघडीप बघून बसा.

रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, आणि सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असं बघा. पहिल्या खेपेला आम्ही हलगीसमोरच मोबाइल ठेवला. शेवटचा कोरस पूर्ण फाटला, आणि तोच त्या दिवसाचा सगळ्यात चांगला कोरस होता. दुसऱ्या खेपेला हलगीवाल्याला जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं केलं आणि मोबाइल वर दारात. जिन्याचा घुमार फुकटात मिळाला.

सगळे एकत्र वाजवा. एकेकाचं वेगळं घेऊन जोडायची पद्धत भजनी ठेक्याला मानवत नाही. ढोलकीवाला गायकाच्या श्वासाकडं बघून तुकडा घेतो. लयीचा टिकटिक आवाज फक्त त्याच्या कानात द्या, तोही पहिल्या कडव्यापुरता. सुरुवातीला सगळ्यांसमोर एक टाळी वाजवा म्हणजे दोन्ही मोबाइलच्या फाइली टाळीवर जुळवता येतात. जोडायला ऑडेसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर चालतं. नंतर फार घासूनपुसून काढू नका. पेटीच्या भात्याचा आवाज राहू द्या.

परवानगीचं काय

हा भाग रुक्ष आहे, पण टाळू नका. गाण्यात दोन हक्क असतात: चाल-शब्दांचा एक आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा दुसरा. तुम्ही सगळं स्वतः वाजवलंत तर दुसऱ्याचा प्रश्न येत नाही. मूळ फाइलमधला तुकडा कापून वापरलात तर येतो. चाल-शब्दांचा हक्क मात्र तरीही लागू असतो, आणि त्याची मालक बहुतेकदा प्रकाशन कंपनी असते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कव्हरसाठी कलम ३१सी आलं. पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली असली की आगाऊ कळवून आणि रॉयल्टी भरून कव्हर काढता येतं. वेष्टनावर ते कव्हर असल्याचं लिहावं लागतं, आणि तांत्रिक गरजेपलीकडचे बदल मालकाच्या संमतीशिवाय करता येत नाहीत. रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबानं असते, म्हणजे गल्लीतल्या मंडळींच्या आवाक्यापलीकडं. यूट्यूबवर बहुतेकदा असं होतं की यंत्रणा चाल ओळखते आणि जाहिरातीचे पैसे प्रकाशकाकडं वळतात, किंवा व्हिडिओ अडवला जातो. तयारी ठेवा आणि वर्णनात मूळ गीतकार-संगीतकारांची नावं द्या.

मराठी शब्दांचं प्रकरण वेगळं. भाषांतर किंवा रूपांतर हा मालकाचा स्वतंत्र हक्क आहे, त्याला लेखी परवानगी लागते. तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल तर आयोजकानं आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, परवाना घेतलाय का विचारा. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत किंवा लग्नाच्या वरातीत वाजवायला कायद्यात सूट आहे, पण उत्सवाच्या नावाखालच्या ऑर्केस्ट्राला ती लागू होईलच असं धरून चालू नका.

म्हणून आमची पार्वती मावशी अजून वहीतच आहे. बाहेर दिलं ते नुसत्या वाद्यांचं रूप, गळ्याच्या जागी बेंजो. मावशीचं गाणं आम्ही माडीवरच म्हणतो, घरमालकीणबाई शेवटच्या पायरीवर बसून ऐकतात. पुढच्या रविवारपासून ‘नॉर्वेजियन वुड’ घेतोय. दादरा म्हणून मामा खूश आहेत. हलगीवाला रुसलाय, त्याला म्हटलंय, मधल्या काफीत तुला जागा काढतो.